भीमुनिपट्टणच्या वाळूवर

कोकणच्या किनाऱ्यावर लहानाच्या मोठ्या झालेल्या माणसाला पूर्वेचा समुद्र प्रथम उलटा वाटतो. आपल्याकडे दिवसभर शिणलेला सूर्य संध्याकाळी समुद्रात उतरतो. येथे तो पहाटे समुद्रातून न्हाऊन वर येतो आणि सायंकाळी पाठीमागच्या डोंगरात गडप होतो. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर घेऊन ज्यांची बदली विशाखापट्टण, काकीनाडा किंवा पुरी या बाजूस होते, त्या मराठी अधिकारी बंधूंपैकी पुष्कळांनी ही तक्रार आमच्यापाशी केली आहे. तक्रार अर्थातच लटकी असते. दोन-तीन महिने जातात न जातात तोच तेच गृहस्थ घरी आलेल्या पाहुण्यांना भल्या पहाटे उठवून सूर्योदय दाखवायला नेताना आढळतात.

पण दिशेहून मोठा असा आणखी एक भेद आहे आणि तो इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात घ्यावा असा आहे. आपल्या किनाऱ्यावर जागोजाग खाड्या आहेत, आणि खाडी म्हटली की तिच्या तोंडाशी किल्ला हा आलाच. पूर्व किनाऱ्यावर अशी आडोशाची जागा क्वचित. येथील जुनी बंदरे म्हणजे खरे पाहता उघडा समुद्रच. जहाजाने दूरवर नांगर टाकायचा आणि माल, माणसे मसुला नावांत घालून लाटांतून काठावर आणायची. या नावांच्या फळ्यांना खिळा ठाऊक नसे. त्या काथ्याने शिवलेल्या असत, म्हणजे लाटेने उचलून वाळूवर आपटली तरी नाव फुटण्याऐवजी लवत असे. असा किनारा व्यापाऱ्याला कष्टाचा आणि आरमाराला निरुपयोगी.

विशाखापट्टणपासून उत्तरेस भीमुनिपट्टणपर्यंतचा सुमारे पंचवीस किलोमीटरचा पट्टा मात्र याहून निराळा आहे. पूर्वघाटाच्या टेकड्या येथे थेट समुद्रावर चालून येतात. कैलासगिरी, ऋषिकोंडा, तोटलकोंडा अशी एकेक टेकडी ओलांडावी, की मध्ये वाळूची एक चंद्रकोर लागते, आणि पुढच्या टेकडीचे खडक पुन्हा पाण्यात पाय सोडून बसलेले दिसतात. मंगमारिपेटाजवळ तर लाटांनी खडक पोखरून त्याची नैसर्गिक कमान केली आहे. हा खडक आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणासारखा नव्हे. तो तांबूस, ठिसूळ होत जाणारा, मधूनमधून गोमेदासारखे लाल मणी मिरविणारा आहे. याच जातीच्या दगडातून कोणार्कचे आणि पुरीचे देऊळ उभे राहिले. भूगर्भशास्त्रज्ञांनी या घाटात राहणाऱ्या खोंड लोकांच्या नावावरून त्याला खोंडलाइट असे नाव दिले, आणि आदिवासींचे नाव दगडाला का होईना, पण जगभरच्या ग्रंथांत गेले.

भीमुनिपट्टण जवळ आले की ‘एर्र मट्टी दिब्बलु’, म्हणजे तांबड्या मातीचे ढीग, लागतात. नाव साधे आहे. दृश्य साधे नाही. सुमारे पाच किलोमीटर लांबीच्या या पट्ट्यात तांबड्या वाळूच्या टेकड्या पावसाच्या ओघळांनी कापून काढल्या आहेत, आणि त्या घळीतून चालताना आपण समुद्राजवळ आहोत याचा विसर पडतो. हजारो वर्षांपूर्वी, हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली असताना, उघड्या पडलेल्या तळाची वाळू वाऱ्याने आणून येथे रचली. पुढे तिच्या कणाकणावर लोहाचा गंज चढला, आणि ती अशी तांबडी झाली. हे राष्ट्रीय भूवारसा स्थळ म्हणून गणले जाते. २०२५ साली भारताने जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत ज्या नैसर्गिक स्थळांची भर घातली, त्यांत हे ढीग आहेत. आणि त्याच खेपेस पाचगणी-महाबळेश्वरचे पठारही त्या यादीत गेले, हे वाचून आम्हांला उगाचच घरचे कोणी भेटल्यासारखे वाटले.

या ढिगांच्या पायथ्याशी असलेली पुळण आम्हांला सर्वांत प्रिय आहे. रविवारी येथे शहरातून माणसे येतात, चित्रपटांची छायाचित्रणेही होतात. पण आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, माघातल्या सकाळी जावे. पाठीमागे तांबडा कडा, समोर निळे-हिरवे पाणी आणि मध्ये पिवळी वाळू. त्या वाळूवर काळ्या रेघा उमटलेल्या असतात, कोणी काजळाचे बोट ओढावे तशा. इल्मेनाइट नावाच्या जड खनिजाचे हे कण. लाट हलकी वाळू परत नेते आणि जड कण मागे ठेवते. मधूनच लाल भुकटीची एखादी रेघ दिसते, ती त्या खडकातल्या लाल मण्यांची. हिवाळ्याच्या अखेरीस रात्री समुद्रकासविणी या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात आणि पहाटे त्यांच्या वल्ह्यांसारख्या पायांचे ठसे पाण्यापासून वर व वरून पाण्याकडे गेलेले दिसतात. त्यांखेरीज वाळूवर पाऊल नाही. लाटांचा आवाज सतत असतो, म्हणूनच की काय, शांततेचा भास अधिक होतो.

अशा ठिकाणी इतिहास आठवू नये, असे आमचे एक काव्यप्रेमी स्नेही नेहमी म्हणतात. आमचा नाइलाज आहे. कारण या निर्जन वाटणाऱ्या वाळूवर १७५४ साली मराठी घोडी आली होती.

भीमुनिपट्टण हे नाव भीमावरून आले, त्याने बकासुराला येथेच मारले अशी स्थानिक आख्यायिका आहे. (बकासुर किती गावी मेला याची मोजदाद कोणीतरी करायला हवी.) गोस्तनी नदी येथे समुद्राला मिळते. सतराव्या शतकात डच लोकांनी येथे वखार घातली. आसपासच्या गावांतले विणकर जे सुती कापड विणीत ते घेऊन पूर्वेकडील बेटांत न्यावे आणि त्याच्या मोलाने मसाले घ्यावेत, असा त्यांचा व्यापार. कोरोमंडल किनाऱ्यावरचे त्यांचे मुख्य ठाणे प्रथम पुलिकतला आणि १६९० पासून नागपट्टणला होते. भीमुनिपट्टण त्याच्या हाताखालचे. गावात डचांची जुनी दफनभूमी अजून आहे. सूच्याकार स्तंभ, लहान मनोऱ्यांसारखी थडगी, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने झिजलेली अक्षरे. कापडाचा भाव करण्यासाठी अर्धी पृथ्वी ओलांडून आलेली माणसे येथील तापाला बळी पडली आणि येथेच राहिली. परमुलखात नोकरी करणाऱ्या माणसाने ही थडगी पाहताना थोडा वेळ थांबावे असे आम्हांला वाटते. तीही नोकरदारांचीच आहेत.

आता १७५४ कडे येऊ. आदल्या वर्षाच्या अखेरीस दक्षिणेचा सुभेदार सलाबतजंग याने औरंगाबादेस फ्रेंच सेनापती बुसी याला मुस्तफानगर, एलुरू, राजमहेंद्री आणि श्रीकाकुळम ही चार सरकारे फौजेच्या खर्चासाठी लावून दिली. यांपैकी शेवटच्या दोहोंचा कारभार जाफर अली नावाच्या अंमलदाराकडे होता. अधिकार हातचा जातो असे दिसताच त्याने विजयनगरमच्या विजयराम राजूशी संधान बांधले. पण मच्छलीपट्टणच्या फ्रेंचांनी राजाला स्वस्तात इजारा देऊ करून आपल्याकडे ओढले. एकटा पडलेला जाफर अली तडक डोंगर ओलांडून नागपूरला रघोजी भोसल्यांच्या दाराशी गेला. कार्यमुक्तीचा हुकूम आला म्हणून शेजारच्या राज्याची फौज घेऊन परत येणारा अधिकारी आजच्या सेवानियमांत बसत नाही. त्या काळी बसत असे.

रघोजींचे ते भराचे दिवस होते. १७५१ च्या तहाने ओडिशा त्यांच्या हाती आला होता आणि बंगालच्या नवाबाने वर्षाला बारा लाखांची चौथाई कबूल केली होती. त्यांच्या घोडदळाने घाट उतरून विजयराम राजूचा मुलूख आणि आसपासची सरकारे तुडविली, आणि त्याच धामधुमीत भीमुनिपट्टणची डच वखार लुटली. मद्रास कौन्सिलचा त्या वेळचा सभासद रॉबर्ट ऑर्म याने आपल्या इतिहासात ही हकीकत दिली आहे, आणि विशाखापट्टणच्या इंग्रज वखारीला या फौजेने धक्का लावला नाही असेही तो नमूद करतो. याचे कारण आमच्या तर्काने असे, की जाफर अलीचे वैर फ्रेंचांशी होते आणि फ्रेंचांचे वैरी ते इंग्रज त्याला जवळचे वाटत असावेत. डच बिचारे कोणाच्याच बाजूचे नव्हते. म्हणून ते लुटले गेले. पुढे ती फौज लूट घेऊन आली तशी घाट चढून निघून गेली. १७५५ च्या फेब्रुवारीत रघोजी वारले.

या प्रसंगाला आपल्याकडील इतिहासग्रंथांत एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही, आणि येथील लोकांच्या तोंडीही तो नाही. येथे बुर्रकथेत गाइली जाते ती तीनच वर्षांनंतरची, १७५७ च्या जानेवारीतली, बोब्बिलीची लढाई. बुसी आणि विजयराम राजू यांनी त्या किल्ल्याला वेढा घातला, आतल्या वीरांनी बायकामुलांना स्वहस्ते मारून रणात देह ठेवले, आणि तांड्र पापारायुडूने रात्री छावणीत शिरून विजयराम राजूचा सूड घेतला. ज्या राजाच्या मुलखात आमची घोडी नाचली, त्याच राजाचा हा शेवट. लोकांनी त्याग लक्षात ठेवला आणि लूट विसरून गेले. बंगालमध्ये नोकरी केलेल्या वाचकांना ठाऊक आहे की सर्वत्र असे घडलेले नाही. ‘बर्गी’ हा शब्द तेथे अजून मुलांना झोपविण्याच्या गाण्यात आहे, आणि तो ऐकून मराठी माणसाला विषय बदलावासा वाटतो.

तथापि लुटीची लाज किंवा पराक्रमाचा अभिमान, या दोहोंसाठी आम्ही हा प्रसंग उकरून काढलेला नाही. अठराव्या शतकात लुटीविना फौज कोणाचीच पोसली जात नव्हती. आम्हांला या वाळूवर बसून जे खुपते ते वेगळेच आहे, आणि ते कळण्यासाठी त्याच वर्षी दुसऱ्या किनाऱ्यावर काय चालले होते ते पाहावे लागते.

त्याच १७५४ साली, पश्चिम समुद्रात, तुळाजी आंग्रे यांच्या आरमाराने तीन डच जहाजांना गाठले, दोन जाळली आणि एक पकडून आणले. म्हणजे एकाच वर्षात, हिंदुस्थानच्या दोन्ही किनाऱ्यांवर, एकाच युरोपीय सत्तेला मराठ्यांनी तडाखा दिला! योजना असती तर याला जगाच्या इतिहासात स्थान मिळाले असते. पण योजना कुठली? नागपूरच्या स्वारांना विजयदुर्गची वार्ता नव्हती आणि विजयदुर्गला भीमुनिपट्टण कोठे आहे याची गरज नव्हती. रघोजी आणि पेशवे यांचे सख्य वरवरचे. पेशवे आणि तुळाजी यांचे तर उघड हाडवैर. दोन हातांनी एकाच वेळी प्रहार केला, पण ते एका अंगाचे हात नव्हते.

यापुढचे दोन-चार वर्षांचे वृत्त तारखांनिशी वाचावे. १७५५ च्या एप्रिलमध्ये इंग्रज आरमाराधिकारी जेम्स याने सुवर्णदुर्ग घेतला, तोही पेशव्यांच्या संमतीने. १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला. बंदरात उभे असलेले मराठी आरमार जळून खाक झाले, आणि खुष्कीच्या बाजूने पेशव्यांची फौज त्या आगीची साक्षीदार होती. ज्या आरमाराला रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात राज्याचे स्वतंत्र अंग मानले, ते अंग राज्याच्या प्रधानानेच परक्याकडून कापवून घेतले. तेच वॉटसन आणि क्लाइव्ह पुढे पूर्वेकडे आले, कलकत्ता परत घेतले आणि १७५७ च्या जूनमध्ये प्लासी झाली. आणि १७५८ च्या ऑक्टोबरमध्ये क्लाइव्हने बंगालमधून जहाजांवर चढवून पाठविलेली कर्नल फोर्डची फौज उतरली कोठे? विशाखापट्टणला, येथून एका सकाळच्या रपेटीवर. डिसेंबरात चंदुर्तीची लढाई झाली, १७५९ च्या एप्रिलमध्ये मच्छलीपट्टण पडले, आणि फ्रेंच या किनाऱ्यावरून उठले. आमचे स्वार ज्या मुलखात एक हंगाम राहिले, त्यात चार वर्षांनी समुद्रावरून आलेले लोक जवळजवळ दोनशे वर्षे राहिले.

त्यांचे शौर्य अधिक होते असे कोणी म्हणू नये. विजयदुर्ग, कलकत्ता, विशाखापट्टण हे त्यांच्या दृष्टीने एकाच वाटेवरचे तीन टप्पे होते, आणि ती वाट म्हणजे समुद्र. आमच्या दृष्टीने तो वाट संपण्याची जागा होती. घोडदळ पाण्यापर्यंत गेले, पुढे जमीन नाही असे पाहिले आणि वळले.

कोणी म्हणेल, नागपूरच्या घोडेस्वारांकडून आरमाराची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. असेल. पण भोसल्यांनी ओडिशा १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत, म्हणजे बावन्न वर्षे, राखला. बालेश्वरसारखे नांदते बंदर त्यांच्या अंमलाखाली होते. पुरीच्या देवस्थानाची व्यवस्था त्यांनी चांगली ठेवली. कोणार्कचा अरुणस्तंभ आणून जगन्नाथाच्या सिंहद्वारी उभा केला गेला तो मराठ्यांच्याच काळात, आणि आजही यात्रेकरू त्याला हात लावून आत जातात. जेथे राहायचे ठरविले तेथे मराठी माणसाने मन लावून काम केले, हे तंजावरास पाहावे, पुरीस पाहावे. मात्र नागपूरकरांचे आरमार असे काही कधी उभे राहिले नाही. अर्धे शतक समुद्राच्या काठाने राहूनही त्यांची पाठ समुद्राकडेच राहिली. सिंधुदुर्गाची पायाभरणी १६६४ सालची. म्हणजे विचार नवा नव्हता, तो घाट चढून पूर्वेला आला नाही इतकेच.

आणि गंमत अशी की, महाराष्ट्रातून या किनाऱ्याला येणारी पहिली सत्ता भोसल्यांची नव्हेच. तोटलकोंड्याच्या टेकडीवर जाऊन यावे. १९७० च्या दशकात नौदलाच्या कामासाठी पाहणी होत असता तेथील अवशेष नजरेस आले आणि १९८८ ते १९९३ या काळात उत्खनन होऊन एक मोठा बौद्ध विहार उघडा झाला: स्तूप, चैत्यगृह, भिक्षूंच्या खोल्यांच्या रांगा आणि खडकात कोरलेली पाण्याची टाकी, ज्यांवरून टेकडीला नाव पडले. त्या उत्खननात सातवाहनांची नाणी सापडली आणि रोमची चांदीची नाणीही. सातवाहन म्हणजे प्रतिष्ठानचे, आपल्या पैठणचे. नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या पुत्राची वाहने तीन समुद्रांचे पाणी प्याली असे गौरवाने कोरले आहे. ही भाषा घोडेस्वाराची खरी. पण त्याच वंशातील पुढच्या राजांनी पूर्व किनाऱ्यावरच्या नाण्यांवर काय छापले? दोन डोलकाठ्यांचे जहाज. घोड्याला पाणी पाजून ते थांबले नाहीत. विहाराच्या ओट्यावर उभे राहिले की खाली तोच समुद्र दिसतो, आणि रोमचे नाणे हाती घेतलेल्या भिक्षूला तो जगाचा शेवट वाटत नसणार हे चटकन पटते.

भीमुनिपट्टणचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. इंग्रज आणि डच यांच्या युद्धांत वखार दोन वेळा हातातून गेली आणि परत आली. शेवटी १८२४ च्या लंडनच्या तहानुसार १८२५ मध्ये ती कायमची इंग्रजांकडे गेली. मधल्या काळात, १७९४ च्या जुलैमध्ये, जवळच्या पद्मनाभम येथे विजयनगरमचा तरुण राजा कंपनीच्या फौजेशी लढताना पडला. एकोणिसाव्या शतकात गाव पुन्हा भरभराटीला आले. आगबोटी समोर नांगर टाकू लागल्या, तेलबिया, हिरडा आणि ताग यांची निर्यात वाढली. १९३३ साली विशाखापट्टणचे नवे बंदर खुले झाले, जहाजांना डोंगराआडची शांत गोदी मिळाली, आणि उघड्या समुद्रात नांगर टाकण्याचे कोणाला कारण उरले नाही. मसुला नावा गेल्या. किनारा शांत झाला तो असा. त्याचे रानटीपण मूळचे आहे, पण त्याची निर्जनता जेमतेम शंभर वर्षांची.

ज्या तागाचा वर उल्लेख केला तो खरा ताग नव्हे. दुसऱ्याच एका झुडपाचा तो वाख, आणि या बंदरातून जाई म्हणून जगाच्या बाजारात त्याला ‘बिमली’ असे नाव मिळाले. विशाखापट्टणच्या भाजीबाजारात त्याचा पाला गोंगुरा म्हणून जुड्या बांधून विकायला असतो. तेथील मराठी बिऱ्हाडांतून तो नेमाने घेतला जातो, आणि ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसणाची फोडणी देऊन त्याची भाजी होते; कारण तो पाला म्हणजे आपली अंबाडी.